काडीपेटीतली पापणी

मी खोटी पापणी बोलतेय. उजव्या डोळ्याची. 'खोटी' हा शब्द मीच आधी म्हणून टाकते, म्हणजे तुमचे कष्ट वाचले. माणसांना खोटे दात चालतात, केसांचा खोटा काळा रंग चालतो, पाहुण्यांकडे गेल्यावर 'आत्ताच जेवून आलो' हे तर रोजच चालतं. पापणी खोटी म्हटली की मात्र सगळ्यांच्या भुवया वर जातात. जाऊ द्या. ऐकायचं असेल तर बसा, नसेल तर आपल्या कामाला लागा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की एका बारीक दोऱ्यावर कुणी बाई एकेक केस गाठवत होती आणि मधूनमधून जांभया देत होती. मग डाव्या डोळ्याची माझी बहीण झाली, आणि आम्हा दोघींना प्लास्टिकच्या डबीत निजवून झाकण लावलं.

डबी आली ती बुलढाण्याच्या एका कटलरीच्या दुकानात. बांगड्या, टिकल्या, केसांचे चाप, त्यांच्या मागे काचेत आम्ही. शेजारी झाडूसारख्या जाड पापण्यांच्या जोड्या होत्या. लग्नसराई आली की त्या भराभर उठायच्या. आम्ही बारीक, विरळ, कुठे लांब कुठे आखूड. बायका आम्हाला उचलायच्या, उजेडात धरायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. ह्या लावल्या काय अन् नाही लावल्या काय, दिसतच नाहीत, असं म्हणायच्या. मला तेव्हा फार लागायचं. नंतर कळलं की तोच आमचा गुण.

तो गुण पाहून आम्हाला घेतलं समीक्षानं. देऊळघाटची सून, लग्नाआधी पार्लरमध्ये काम केलेली. स्वतःसाठी नाही घेतलं, नणंदेसाठी घेतलं. नणंदेचं नाव जयमाला.

जयमालाला शाळेत असताना चाई लागली होती. डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या, पापण्या गेल्या. औषधानं डोकं भरलं, भुवया आल्या. पापण्या काही परत आल्या नाहीत. पापणी नसली की काय होतं ते पापणी असणाऱ्यांना काय सांगायचं? धूळ सरळ डोळ्यात जाते. ऊन टोचतं. आणि गावातली पोरं माशाचे डोळे म्हणून हाका मारतात. जयमाला खाली मान घालून चालायला शिकली, आणि लोक म्हणायला लागले, पोरगी किती शालीन.

समीक्षानं तिला घरीच बसवून शिकवलं. मी समोरच होते, म्हणून शब्द न् शब्द आठवतो. आधी आम्हाला तिच्या डोळ्यावर मापून पाहिलं आणि जास्तीचं टोक बाहेरच्या अंगानं कापलं. मग पेनाला गुंडाळून जरा वाकवलं, म्हणजे डोळ्याचा बाक आपसूक यावा. केस सारखे कापू नको म्हणाली, कंगव्यावानी दिसन. खऱ्या पापण्या कधी एका मापाच्या असतात का?

पहिल्या दिवशी जयमालानं गोंद लावला तसं लगेच मला डोळ्यावर चिकटवलं. मी घसरले ती थेट गालावर. समीक्षा हसली नाही. गोंद कसा हवा ते तिनं गुळाच्या पाकावरून सांगितलं. लाडवाचा पाक बोटाला तार सोडायला लागला की मगच तीळ टाकतो ना आपण, तसं. ओला असला की काहीच धरत नाही.

मग आरसा मांडीवर ठेवायला लावला. मान वर, नजर खाली. पापणी आधी मधोमध टेकवायची, मुळाच्या अगदी लगत, मग आतलं टोक, मग बाहेरचं. वरून काजळाची रेघ फिरवली की सांधा दिसत नाही. काढताना ओढायचं नाही, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, मी आपोआप सुटते. किती जणी मला ओरबाडून काढतात आणि मग डोळे सुजले म्हणून मलाच शिव्या देतात.

आठवडाभरात जयमालाचा हात बसला. ती पहिल्यांदा मान वर करून अंगणात गेली, तेव्हा तिच्या आईनं, रुक्मिणीबाईनं, चुलीपुढून नुसतं पाहिलं आणि भाकर करपवली.

मग स्थळ आलं. उंद्रीचं. बाप पुंजाजी, आई तानुबाई, मुलगा राजकुमार. घरची शेती, मुलाचं चिखलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तानुबाई म्हणजे सरळ बाई. सरळ म्हणजे समोरच्याच्या तोंडावर सरळ. पाहायला आली त्या दिवशी तिनं पोह्याची बशी बाजूला सारली आणि जयमालाला सुईत दोरा ओवायला लावला. तिच्या सासूनंही म्हणे तिला असंच पाहिलं होतं. जयमालानं एका झटक्यात ओवला. तानुबाई तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "डोळे बाकी गोड हायेत पोरीचे." आणि तिथल्या तिथे होकार दिला.

डोळ्यांवरच होकार दिला. आता बोला.

जयमालाला सांगून टाकायचं होतं. रुक्मिणीबाईनं तिला शपथ घातली. समीक्षा म्हणाली, निदान पोराला तरी सांग. साखरपुड्यानंतर जयमालानं फोनवर राजकुमारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मले काय फरक पडते? पुढे म्हणाला, पण मायले सांगू नको, ते घर डोक्यावर घेईन. माणूस वाईट नव्हता. आईला भिणारा होता, एवढंच.

लग्न लागलं. पाठवणीची वेळ आली. आमच्याकडे पाठवणीला पोरगी रडते. रडावंच लागतं. आई रडते, आत्या-मावश्या रडतात, मुलाकडच्या बायका वाकून वाकून पाहतात, पोरगी किती रडते ते. जयमालाच्या छातीत हुंदका आलेला मला कळत होता. मी तिच्या डोळ्यावरच होते ना. एक थेंब आला असता तर गोंद सुटला असता आणि चारशे माणसांपुढे मी तिच्या गालावर लोंबले असते. तिनं दातावर दात दाबले. डोळे इतके कोरडे ठेवले की मला तहान लागली. आई गळ्यात पडून रडत होती आणि ही खांबासारखी उभी.

तानुबाईनं ते पाहिलं. गाडीत बसल्या बसल्या चार बायकांत बोलली. माय गळ्यात पडली तरी डोयात टिपूस नाही. पोरगी हाय का दगड?

हा दगड मग सासरी रोज निघायला लागला. भाजीत मीठ जास्त झालं तरी निघायचा. शेजारणीचा मुलगा वारला, सगळ्या बायका रडल्या, जयमाला कोरडी बसली, तेव्हा तर तो दारोदार फिरला. बाईमाणसानं कुठे रडावं, किती रडावं, सगळं लोकांनी ठरवून ठेवलेलं. आत ती किती भिजली होती ते मलाच माहीत, पण मला तोंड कुठलं?

उंद्रीतला आमचा दिवस असा. सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीत जायचं, मांडीवर आरसा, नजर खाली. दिवसभर मी डोळ्यावर. चुलीची वाफ आली की कोपरा सुटायला पाहायचा, मग ती पदरानं तोंड पुसल्यासारखं करून बोटानं दाबायची. दुपारी तानुबाई वावरात आणि पुंजाजी पारावर गेले की आम्हाला काढून कोमट पाण्यात धुवायची, न्हाणीच्या कठड्यावर वाळवायची, तेवढाच तिच्या डोळ्यांना वारा. संध्याकाळी परत वर. रात्री कुंकवाच्या जुन्या करंड्यात.

अशी ती राहत होती. उघडं पडलं तर फसवलं म्हणतील, माहेरी नेऊन घालतील, ही भीती तिला जेवताना असायची, झोपताना असायची. माहेरी धाडलेल्या पोरीचं गावात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तर करता.

त्या वर्षी सोयाबीनवर केसाळ अळी आली होती. पुंजाजी सकाळ-संध्याकाळ वावरात पानं उलटून पाहायचे. बोलायला शांत माणूस, पण अळीचं नाव काढलं की झोप उडायची. आणि चष्मा खिशात. डोळ्यावर चष्मा चढवला की म्हातारं दिसतं, असं त्यांचं मत. म्हणजे बघा, या घरात डोळ्यांची लाज एकट्या जयमालाला नव्हती.

एका दुपारी जयमालानं मला धुऊन कठड्यावर ठेवलं आणि बहिणीला धुवायला घेतलं, एवढ्यात अंगणात वाळत घातलेल्या मुगावर शेजारची शेळी आली. बहिणीला मुठीत धरून ती तशीच पळाली, पदर नाकापर्यंत ओढून. तेवढ्यात मागच्या दारानं पुंजाजी आले. पारावर त्या दिवशी कोणी नव्हतं.

हात धुवायला ते वाकले आणि त्यांना मी दिसले. काळी, वाकडी, केसाळ.

त्यांनी चप्पल काढली. मी काही म्हणायच्या आत हाणली. एक हाणली, मग खात्रीसाठी आणखी एक. माझे मधले केस तिथेच गेले. "घरात घुसली बे हे," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी मला काडीनं उचललं आणि खिशातली काडीपेटी रिकामी करून तिच्यात घातलं. आमच्या भागात असंच करतात. वावरात नवी कीड दिसली की काडीपेटीत घालून कृषी केंद्रात न्यायची, म्हणजे दुकानदार बघून फवारणी सांगतो.

इकडे जयमाला परत आली तर कठडा रिकामा. तिनं न्हाणी उपसली, मोरी उपसली, शेळीच्या मागे जाऊन आली. एकट्या डाव्या पापणीचं काय करणार? राजकुमारला फोन करून चिखलीहून नवी जोडी आणायला सांगितली. राजकुमार दुकानापर्यंत गेला, पण 'पापण्या द्या' म्हणायला त्याची जीभ वळली नाही. तो काजळ घेऊन आला. म्हणे पापण्या काळ्या करायचं.

"अवं, काळं करायले आधी केस पायजेत ना," जयमाला म्हणाली. मग त्याचाच गॉगल डोळ्यावर चढवून तिनं सासूला सांगितलं की डोळे आले. हे सगळं मी मागाहून बहिणीकडून ऐकलं. तानुबाई म्हणे तुरटीचं पाणी घेऊन मागे लागली होती, आणि ही घरभर पळत होती.

मी तेव्हा पुंजाजींच्या खिशात. सकाळी ते कृषी केंद्रात गेले. दुकान कारभारी नावाच्या माणसाचं. बाकावर गावातले पाच-सहा जण बसलेले. पुंजाजींनी काडीपेटी उघडून समोर ठेवली आणि विचारलं, हे नवीन जात कोणती? घरापर्यंत आली.

कारभारीनं मला उलटं केलं, सुलटं केलं, भिंगाखाली धरलं. मग भिंग खाली ठेवलं.

"काका, हे अळी नाही," तो म्हणाला. "हे बायका डोयाले लावतेत ते नकली पापणी हाय. माया पोरीच्या लग्नात पार्लरवालीनं लावली होती."

बाकावरचा एकजण म्हणाला, "मंग फवारा कायचा मारता, पुंजाजीभाऊ?" आणि सगळे हसले. इतके हसले की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. पुंजाजींच्या घरात तरणी बाई एकच, हा हिशोब कुणालाच कठीण नव्हता.

पुंजाजींनी मला परत काडीपेटीत घातलं. वाटभर त्यांचा हात खिशावर होता. मला वाटतं, ते मला लपवत होते.

घरी येऊन त्यांनी काडीपेटी तानुबाईच्या पुढ्यात ठेवली आणि दुकानात झालं ते सांगून टाकलं. तानुबाईनं पेटी उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली. राजकुमार जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला.

"गॉगल काढ," तानुबाई म्हणाली.

जयमालानं काढला. ऊन दारातून तिच्या तोंडावर आलं. डोळे उघडे, लालसर, काठावर एक केस नाही. तानुबाईनं तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"लग्नाच्या आंधीपासून हाय हे?"

"हाव."

"मंग मले फसवलं तुमी."

"हाव, फसवलं," जयमाला म्हणाली. "पण एक आयका, आत्याबाई. मले दगड मनू नका. पाठवणीच्या दिवशी गोंद सुटला असता मनून रडली नाही मी. माया मायच्या गयात पडून मले रडता आलं नाही. ते माया पोटात अजून तसंच हाय."

तानुबाईनं मुलाकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं का, असं विचारलं. राजकुमारनं ताटात पाहिलं. "तुले बायको सांगते अन् तू काजय आणतं," एवढंच ती म्हणाली, पण तो ताटावरून उठला तो सरळ दुकानात गेला.

मग तिनं देऊळघाटला फोन लावला. उद्या या, पोरीचं काय ते निस्तरून जा, असं सांगून कट केला. जयमालानं कपाटातल्या साड्या काढून पिशवी भरायला घेतली. मला काडीपेटीसकट तानुबाईनं कोनाड्यात ठेवलं होतं. तिथून सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई आणि समीक्षा आल्या. पाणी दिलं तर प्याल्या नाहीत. तानुबाईनं विचारलं, काऊन लपवलं? रुक्मिणीबाई म्हणाल्या, सांगितलं असतं तर केली असती का तुम्ही?

"माहीत नाही," तानुबाई म्हणाली. "कायले खोटं बोलू? केली असती का नसती, मले माहीत नाही. पण ते पाह्याची सोयच तुमी ठेवली नाही, ईनबाई. याचा राग हाय मले, अन् तो राहीन."

जयमाला पिशवी घेऊन दारात आली. तानुबाईनं ती पिशवी तिच्या हातातून ओढून आत फेकली.

"कुठं चालली? तुया मायले तुले न्यायले नाही बोलावलं. पोचवायले बोलावलं." मग विहिणीकडे वळून म्हणाली, "मी चार बायकात हिले दगड मनलं. आता दारोदार जाऊन शब्द परत घ्याचा माया स्वभाव नाही. तवा तुमीच एक करा. लग्नात पोरीची जशी पाठवणी केली, तशी आता माया दारात करा. तिचं रडाचं राह्यलं हाय, ते रडू द्या. शेजारणी आयकतीन त आयकू द्या."

समीक्षानं जयमालाला धरून आईपुढे उभं केलं. जयमालाला आधी हसूच आलं. हुकमावर रडू कुठून येणार? रुक्मिणीबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तो हात उघड्या डोळ्यांपाशी थांबला. मग ते हसूच कधी फुटलं ते कळलं नाही. ती आईच्या गळ्यात पडून रडली. मोठ्यानं, नाक गाळत, कुरूप होऊन रडली. समीक्षाचं काजळ हनुवटीपर्यंत आलं. शेजारच्या दोन बायका कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. पुंजाजी अंगणात जाऊन मुगाला उगाच हात घालत बसले.

तानुबाई रडली नाही. मध्येच म्हणाली, "बस झालं आता, डोये सुजतीन." आणि चहा टाकायला गेली.

त्याला आता बरेच महिने झाले. आता घरात जयमाला उघड्या डोळ्यांनी वावरते. धूळ उडाली की तानुबाईच आधी ओरडते, पोरी, गॉगल घाल. लग्नाला, बाजाराला जायचं असेल तर जयमाला पापण्या लावते, मन असलं तर. नवी जोडी तानुबाईनं स्वतः जाऊन आणली. कोणती आणली म्हणता? झाडूसारखी. लावायची तर दिसली तर पाहिजे, असं तिचं म्हणणं. समीक्षानं कापून कापून ती कशीबशी माणसात आणली. गावात अजून कोणी पुंजाजींना फवाऱ्याचं विचारतं. पुंजाजी आता चष्मा लावतात आणि उत्तर देत नाहीत.

मी कोनाड्यात, काडीपेटीत आहे. मधले केस गेलेत, दोरा वाकडा झालाय. डोळ्यावर चढायचे माझे दिवस संपले. मला कुणी फेकलं नाही, का ते मी विचारलं नाही. बहीण करंड्यात आहे. जोडीतली एक गेली की दुसरीही रिकामीच बसते. तिचं वाईट वाटतं.

आता माझं एक मागणं ऐका. मला लावा, खुशाल लावा. गोंद जरा तार सोडू द्या, नजर खाली ठेवा, काढताना तेल लावा. पण रडू आलं तर आधी मला काढून बाजूला ठेवा. माझ्यासाठी रडणं अडवून धरू नका. मी कठड्यावर वाट पाहीन, वाळेन, परत चढेन. माझं काही जात नाही.